जलजीवनची नळयोजना ताब्यात घेण्याआधी गावाने नेमकं काय तपासायचं?

शिवारफेरी

१५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशनची घोषणा झाली तेव्हा देशातल्या ग्रामीण भागात ३ कोटी २३ लाख घरांतच नळ होता, म्हणजे साधारण १७ टक्के. आज तो आकडा १५ कोटींच्या वर गेला आहे. २०२४ ची मुदत फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली. नळ बसवण्याचं काम मोठं झालं यात शंका नाही, पण बऱ्याच गावांत आता "काम पूर्ण झालं, योजना ताब्यात घ्या, इथं सही करा" हा टप्पा आलाय. धागा त्यासाठीच काढलाय.

मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती नळजोडणीची व्याख्या स्पष्ट आहे: माणशी रोज ५५ लिटर, बीआयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) च्या निकषात बसणारं पाणी, आणि तेही नियमित आणि कायम. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच योजना पूर्ण. अंगणात सिमेंटचा खांब आणि त्यावर तोटी एवढ्यावर सही होत असेल तर पुढची वीस वर्षं गाव दुरुस्तीच करत बसेल. कारण सही झाली की गळती, मोटार, वीजबिल सगळं ग्रामपंचायतीच्या गळ्यात.

जाणकारांनी आपापल्या भागातलं लिहा. "भ्रष्टाचार आहे" एवढंच लिहून थांबू नका, काय मोजायचं आणि कसं मोजायचं ते लिहा.

उद्भव

सुरुवात पाण्याच्या उगमापासून, म्हणजे उद्भवापासून करा, बाकी सगळं नंतर. टाकी चुकली तर दुरुस्त होते, विहीर चुकली तर योजना गेली.

२००० लोकसंख्येचं गाव धरू. ५५ लिटरने १ लाख १० हजार, गळतीचे १५ टक्के धरले तर रोज सव्वा लाख लिटर लागणार. हे सव्वा लाख मे महिन्यात मिळालं पाहिजे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा उद्भवाचा दाखला फाइलमध्ये असतो, त्यावरची चाचणीची तारीख आधी वाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेतलेली क्षमता चाचणी उन्हाळ्याबद्दल फारसं काही सांगत नाही. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्ट खडकाचा. त्यात पाणी साठतं ते फटी-भेगांत आणि वरच्या मुरमात. पावसाळ्यानंतर तुडुंब दिसणारी विहीर मार्चमध्ये तळ दाखवते ती याच कारणाने.

विहिरीची आवक गावाला स्वतः मोजता येते. समजा विहीर ८ मीटर व्यासाची आहे. तिचं क्षेत्रफळ झालं सुमारे ५० चौरस मीटर, म्हणजे १ मीटर पाणी = ५० हजार लिटर. एप्रिलच्या शेवटी किंवा मे मध्ये सलग उपसा करून पातळी अडीच मीटर खाली न्या, मोटार बंद करा, वेळ लिहा. २४ तासांत पातळी पूर्ववत झाली तर आवक सव्वा लाख. दीडच मीटर भरली तर ७५ हजार, म्हणजे माणशी ५५ सोडा, गळती वजा जाता ३०-३२ लिटर. ही मोजणी दोन-तीन दिवस लागोपाठ करा, कारण पहिल्या दिवशी आजूबाजूच्या मुरमात साठलेलं पाणी आत येतं आणि आकडा फुगतो. हे लेखी ठेवा, ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्या.

दुसरी गोष्ट, सार्वजनिक पेयजल उद्भवाच्या ५०० मीटर परिघात नवीन विहीर किंवा बोअर घेण्यावर राज्याच्या भूजल कायद्यात बंधन आहे. १९९३ च्या कायद्यातही होतं, २००९ च्या कायद्यातही आहे. कागदावर आहे म्हणून पाळलं जातं असं नाही. योजनेच्या विहिरीशेजारी उसाला बोअर पडला की विहिरीची आवक निम्म्यावर येते. बोअर पडायच्या आधीच ग्रामपंचायतीने तहसीलदारांना लेखी कळवायला हवं. नंतर भांडून उपयोग कमी.

वाडीवस्ती

@उद्भव, विहिरीचं गणित पटलं. पण बऱ्याच ठिकाणी विहिरीत पाणी असतं, टाकी भरते, आणि तरी शेवटच्या वाडीला येत नाही. अधिकारी आले की टाकीजवळच्या घरातला नळ सुरू करून फोटो काढतात. शेवटच्या घराला किती पाणी मिळतं हे मीटर नसताना कसं सिद्ध करायचं?

शाखाभियंता

@वाडीवस्ती, १५ लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं.

पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर हवेत. पाणी दिवसातून एक तास सुटत असेल तर नळाला मिनिटाला ४.६ लिटर यायला हवेत, म्हणजे १५ लिटरची बादली सव्वातीन मिनिटांत भरली पाहिजे. ४५ मिनिटंच सुटत असेल तर अडीच मिनिटांत. एक दिवसाआड असेल तर अपेक्षा दुप्पट धरा. मोजणी पाणी सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी करा, आधी नळीतली हवा निघू द्या. प्रत्येक वाडीतलं सगळ्यात लांबचं आणि सगळ्यात उंचावरचं अशी दोन घरं घ्या, आणि मोजताना वरच्या आळीचे नळही चालू असू द्या. ते बंद ठेवून घेतलेली चाचणी खोटी असते.

आता शेवटी पाणी का पोचत नाही त्याची कारणं, जास्त दिसणाऱ्यापासून:

पहिलं, विभागणी नसणं. एकाच वितरण वाहिनीवर सगळं गाव जोडलेलं, मध्ये स्लुइस व्हॉल्व्ह (पाणी अडवायच्या झडपा) नाहीत किंवा बसवून मातीत गाडलेले. खालच्या भागातले नळ दाब खातात, वरच्यांना थेंब. उंचीप्रमाणे दोन-तीन झोन करून वेगवेगळ्या वेळी पाणी सोडणं हा यावरचा साधा उपाय. अंदाजपत्रकात किती व्हॉल्व्ह धरलेत ते बघा आणि जागेवर चेंबर मोजा.

दुसरं, टुल्लू मोटारी. पाणी सुटलं की थेट नळाला मोटार. पुढच्या घरांचं पाणी तर जातंच, शिवाय वाहिनीत उणा दाब तयार होतो आणि जिथे जोड सैल आहे तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. काविळीची साथ अशाच गावांत येते. प्रत्येक जोडणीला १५ मिमीचं फेरूल (वाहिनीवरून घरजोडणी काढायचा ठरावीक मापाचा जोड), आणि जमल्यास प्रवाह नियंत्रक बसवणं हा तांत्रिक भाग झाला. पण मोटार सापडली तर जप्ती असा ठराव केल्याशिवाय हे थांबत नाही.

तिसरं, वाहिनीच्या उंच ठिकाणी एअर व्हॉल्व्ह नसणं. चढावर हवा अडकते आणि पाणी पुढे सरकत नाही. पंप चांगला, वाहिनी चांगली, तरी पाणी नाही असं कोडं पडतं तेव्हा हेच बघायचं. सखल जागी धुऊन काढायचा व्हॉल्व्हही हवा, नाहीतर गाळ तिथेच बसतो.

चौथं, वाहिनीची खोली. साधारण ९० सेंमी माती वर हवी. खडक लागला की फूट-दीड फुटावरच पाइप टाकून वर माती ओढतात. खडकात खाली १० सेंमी वाळूची किंवा बारीक मुरमाची गादी हवी, नाहीतर दगडाचं टोक एचडीपीईच्या (प्लास्टिकच्या) पाइपला महिन्या-दोन महिन्यांत भोक पाडतं. चार-पाच ठिकाणी, ठेकेदार सांगेल तिथे नव्हे तर तुम्ही ठरवाल तिथे, खणून टेपने मोजा.

सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग म्हणजे दाब चाचणी. वाहिनी बुजवण्याआधी, साधारण अर्धा अर्धा किलोमीटरचा तुकडा घेऊन, पाणी भरून, हवा काढून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन गेज बघायचा असतो. चर आधीच बुजवला असेल तर चाचणी झालेली नाही असंच समजा आणि लेखी अहवाल मागा. टाकीखालच्या घराला पाणी आलं म्हणून वाहिनी चांगली, असं होत नाही.

शिवारफेरी

@शाखाभियंता, उत्तम. यात कागदांची भर घालतो.

सही करण्याआधी ग्रामपंचायतीच्या कपाटात या गोष्टी हव्यात: तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा (व्हॉल्व्ह कुठे, वाहिनी कोणत्या बाजूने, व्यास किती), त्रयस्थ (बाहेरच्या संस्थेने केलेल्या) तपासणीचे अहवाल, पाइपांची कारखान्यातली चाचणी प्रमाणपत्रं, पंप आणि स्टार्टरची वॉरंटी कार्डं, टाकीची गळती चाचणी, आणि पाणी नमुन्याचा प्रयोगशाळेचा दाखला. नकाशा नसेल तर पाच वर्षांनी गळती शोधायला गल्ली उभी-आडवी खणावी लागते. जुना पाणीवाला निवृत्त झाला की व्हॉल्व्ह कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसतं.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकार. लोक फक्त झेरॉक्स मागतात. कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही आहे, तो वापरा. अर्ज असा: "अमुक योजनेची मोजमाप पुस्तिका, त्रयस्थ तपासणीचे अहवाल यांचं निरीक्षण करायचं आहे, तसंच वितरण वाहिनीच्या कामाची प्रत्यक्ष पाहणी करून पाइपचा प्रमाणित नमुना हवा आहे." दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. मोजमाप पुस्तिकेत ९० मिमी व्यास लिहिलाय आणि चरात ६३ चा पाइप आहे, हे फक्त समोरासमोर ठेवल्यावरच कळतं.

दप्तर

हे सगळं नीट झालं तरी दोन वर्षांनी योजना बंद पडते ती वीजबिलापायी. आकडेमोड देतो, आपापल्या गावाचे आकडे घालून बघा.

वरचंच २००० वस्तीचं गाव, ४०० घरं. सव्वा लाख लिटर पाणी ८ तासांत ६० मीटर उंचावर चढवायचं. पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता निम्मी धरली तर ५ किलोवॉटच्या आसपास वीज लागते, म्हणजे साडेसात एचपीचा पंप. रोज ४१ युनिट, महिन्याला सुमारे १२३०. युनिटचा दर ७ रुपये धरला (दर बदलतो, तुमच्या बिलावरचा घ्या) तर ८६०० रुपये. पाणी सोडणाऱ्याचं मानधन ९०००, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) १४००, किरकोळ दुरुस्ती ४०००, पंप बदलण्यासाठी बाजूला ३०००. एकूण २६ हजार. ४०० घरांत ६५ रुपये महिना, ७८० रुपये वर्ष.

पण ही शंभर टक्के वसुली धरून. ६० टक्केच भरत असतील तर भरणाऱ्यांवर १०८ रुपये बसतात, मग तेही भरायचं थांबवतात. योजना मरते ती इथे.

म्हणून पाणीपट्टी ठरवताना आधी खर्च काढा, मग दर. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: "शेजारच्या गावात ५०० आहे, आपण ४५० ठेवू." दर ग्रामसभेत आकड्यांसकट मांडा. पाणीपुरवठ्याचं खातं वेगळं ठेवा, सामान्य निधीत मिसळू नका. थकबाकीसाठी ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२९ आहे, मागणी बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती. नमुना ९ ची मागणी नोंदवही अद्ययावत नसेल तर यातलं काहीच टिकत नाही, पहिली पायरी तिथेच चुकते.

वित्त आयोगाच्या पैशाबद्दलही गैरसमज आहे. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ च्या निधीत ६० टक्के बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेला) होता. त्यातला निम्मा, म्हणजे एकूण निधीच्या ३० टक्के, पेयजल, पावसाचं पाणी साठवणं आणि पुनर्वापर यासाठी. हा पैसा दुरुस्ती-देखभालीला आधार म्हणून चांगला, पण रोजच्या खर्चाचा पाया पाणीपट्टीच असायला हवी. आयोगाचा हप्ता लांबतो, महावितरणचं बिल लांबत नाही.

रानवाट

@दप्तर, सगळ्यांना एकच ७८० रुपये हे मला मान्य नाही. एका घरात दोन म्हातारी माणसं, दुसऱ्या घरात आठ माणसं आणि चार म्हशी. ५५ लिटरमध्ये जनावरांचं पाणी धरलेलंच नाही आणि एका म्हशीला दिवसाला ५०-६० लिटर सहज लागतं. म्हणजे चार म्हशीवाला नळातून आणखी चार माणसांचं पाणी घेतो आणि पट्टी तेवढीच भरतो. मीटर बसवा, प्रश्न मिटेल.

दप्तर

@रानवाट, न्यायाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण मीटरला चोवीस तास दाब आणि स्वच्छ पाणी लागतं. दिवसातून तासभर पाणी येतं तिथे आधी हवा धावते आणि मीटर हवेचंच रीडिंग देतं, गाळ अडकला की चक्र बंद. रीडिंग घ्यायला दर महिन्याला माणूस लागतो. पाणी दोन वेळा ठरल्या वेळी यायला लागल्यावर मीटरचा विचार करा. तोवर मधला मार्ग: घरगुती दर एक, आणि गोठा, हॉटेल, बांधकाम यांना वेगळा दर. गुरांसाठी जुन्या विहिरीवर किंवा हातपंपावर वेगळा हाळ (गुरांना पाणी प्यायची कुंडी) ठेवला तर नळावरचा भार चटकन उतरतो, तो खर्चही फार नाही.

रानवाट

हाळाचं पटलं. मीटरबद्दल मत कायम आहे, निदान टाकीच्या निर्गम (पाणी बाहेर सोडणाऱ्या) नळीवर एक मोठा मीटर तरी हवाच. किती पाणी सोडलं हेच माहीत नसेल तर गळती कशी काढणार?

शाखाभियंता

निर्गम मीटरला शंभर टक्के सहमत. तो बसेपर्यंत रात्रीची चाचणी करा. टाकी भरा, निर्गम व्हॉल्व्ह बंद, पातळी पट्टीने मोजा, सकाळी परत मोजा. पातळी उतरली तर टाकी गळते. दुसऱ्या रात्री निर्गम व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि गावातले सगळे नळ बंद ठेवायला सांगा. आता उतरेल ते वाहिनीतून गेलं. ६ मीटर आतील व्यासाच्या टाकीत १० सेंमी म्हणजे २८०० लिटर, हे गणित पाणीवाल्याच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. मग एकेक झोनचा व्हॉल्व्ह बंद करत गेलं की गळती कोणत्या आळीत आहे ते एका रात्रीत कळतं.

जलसुरक्षक_ताई

पाण्याच्या शुद्धतेवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

टीसीएलचं प्रमाण अंदाजाने टाकू नका. सव्वा लाख लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर २५० ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या पावडरमध्ये ३३ टक्के असतं, पण गोणी उघडून पडली की ते घसरत जातं. २५ टक्के धरलं तर रोज १ किलो पावडर. गोणी कोरड्या, अंधाऱ्या जागी, तोंड बांधून ठेवायची. लोखंडी पत्र्याच्या टाकीत किंवा मोटारीशेजारी अजिबात नाही. पंपाचं विजेचं पॅनेल गंजतं.

पावडर थेट टाकीत ओतू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ पेस्ट करा, मग बादली भरा, अर्धा तास निवळू द्या, वरचं पाणीच टाकीत सोडा. खालचा चुना व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. टाकी भरत असतानाच सोडलं तर नीट मिसळतं. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही.

ओटी तपासणी (पाण्यात उरलेलं क्लोरीन रंगावरून मोजणं) टाकीखाली करून उपयोग नाही, ती शेवटच्या घरी करायची. तिथे ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन मिळालं पाहिजे. टाकीजवळ गडद पिवळं आणि शेवटी रंगच नाही, तर मध्ये कुठेतरी घाण आत येतेय. आधी गळती शोधा. डोस वाढवून ते झाकू नका.

मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं आहे. संच बऱ्याच ठिकाणी कपाटात पडून असतो आणि रसायनांची मुदत संपलेली असते, तारीख बघा. जिवाणूंच्या बाटलीत पाणी भरून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवा, काळं पडलं तर पाणी पिण्यालायक नाही. नायट्रेट ४५, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. फ्लोराइड जास्त असेल तर टीसीएलने काहीही होत नाही, उकळूनही जात नाही. तिथे उद्भवच बदलावा लागतो किंवा वेगळं शुद्धीकरण लागतं. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जिवाणूंची पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा प्रयोगशाळेतून करून घ्यायची आहे, ती पावती फाइलला लावा.

वाडीवस्ती

सगळ्यांचे आभार, मी हे उतरवून घेतोय. शेवटचा प्रश्न. मिशनच्या पोर्टलवर आमचं गाव "हर घर जल" दिसतंय, वाडीतल्या पंधरा घरांना जोडणीच नाही. आता बदल होऊ शकतो का?

शिवारफेरी

@वाडीवस्ती, दोन पायऱ्या आहेत हे लक्षात घ्या. विभागाने कळवलं की गाव "घोषित" दिसतं. "प्रमाणित" तेव्हाच, जेव्हा ग्रामसभा ठराव करते की प्रत्येक घराला, शाळेला, अंगणवाडीला पाणी मिळतंय. पोर्टलवर तुमच्या गावापुढे यातलं काय लिहिलंय ते आधी बघा.

घोषितच असेल तर ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी घ्यायला लावा. पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असायला हव्यात, त्यांना त्या सभेला नक्की आणा, कारण पाणी किती वाजता आणि किती येतं हे त्यांनाच ठाऊक असतं. ठराव असा मांडा:

"वाडीतील खालील १५ कुटुंबांना जोडणी नाही (घरमालकाचं नाव व नमुना ८ म्हणजे घरपट्टी आकारणी नोंदवहीतील क्रमांक सोबत). वाडीतील जोडणी असलेल्या शेवटच्या नळावर अमुक तारखेला बादली चाचणी घेतली, १५ लिटरला अमुक मिनिटं लागली. मे महिन्यातील विहिरीची आवक अमुक लिटर. दाब चाचणीचा अहवाल व वाहिनीचा नकाशा मिळालेला नाही. या बाबी पूर्ण होईपर्यंत ग्रामसभा योजना ताब्यात घेत नाही व प्रमाणपत्र देत नाही."

सह्यांसकट प्रत उपअभियंता, गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाला, पोच घेऊन. पंधरा घरं नंतर "वाढीव काम" म्हणून घेऊ असं तोंडी सांगितलं तर ते पत्रावर लिहून मागा. ठेकेदाराची अनामत आणि शेवटचं देयक अजून बाकी आहे का तेही त्याच दिवशी विचारून घ्या. बाकी असेल तोवर काम करून घेणं सोपं जातं.